पंचनाम्याचं बटण

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे नेमकं काय होतं, हे ठिणगीला त्या सकाळी वहिनीच्या फोनवर कळलं. तशी ती मूळची रागीटच. ऑफिसात तिला ठिणगी काही उगाच म्हणत नव्हते. पण आजवरचे तिचे राग सगळे लुटुपुटूचे होते.

"अगं, हे त्या बाळाच्या आईकडे जाऊन आले," वहिनी म्हणाली. "एकटेच, सकाळी सकाळी. मला आत्ता सांगतायत. 'माझ्यामुळे झालं' असं तिच्या दारात उभं राहून सांगून आले. आणि आज दुपारच्या मीटिंगमध्ये हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाईंसमोरही तेच बोलणार म्हणतात."

"ती काय म्हणाली?"

"काही नाही. दार लावून घेतलं." वहिनीचा आवाज फुटला. "आठवडा झाला, हा माणूस स्वतःच्या पोरीला उचलून घेत नाहीये गं. म्हणतो, माझा हात नको लागायला."

ठिणगीने फोन ठेवला आणि हातातली पोळी ताटात तशीच टाकून ती ऑफिसला निघाली.

वहिनीचा नवरा दादा म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ. दोघं एकाच कंपनीत. कंपनी काचपेट्या बनवायची, दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना ज्यात ऊब देऊन ठेवतात त्या. पेटीतला हीटर कधी चालू करायचा, कधी बंद करायचा, तो प्रोग्राम दादाने लिहिलेला. ठिणगीकडे पेटीच्या भोंग्याचं काम. मागच्या आठवड्यात एका हॉस्पिटलात एका पेटीचा प्रोग्राम मध्येच कोसळला आणि हीटर चालूच राहिला. नर्सचं लक्ष गेलं म्हणून बरं, तिने आतल्या पोरीला झटकन बाहेर काढलं. पोर लालबुंद झाली होती. दोन दिवस आईबापाचा जीव टांगणीला लागला. आता पोर धोक्याबाहेर होती, घरीही गेली होती.

प्रोग्राम कोसळतो तेव्हा मरता मरता तो पोटातलं सगळं एका फाइलीत ओतून जातो. त्या फाइलीला डंप म्हणतात. तो डंप कंपनीत आला, ऑफिसातल्या सुपरफास्टने, म्हणजे सगळ्यात घाईच्या पोराने, बटण दाबलं, आणि स्क्रीनवर नाव आलं दादाच्या फंक्शनचं, म्हणजे त्याने लिहिलेल्या प्रोग्रामच्या तुकड्याचं. झालं! चौकशी संपली, खापर फोडायला डोकं मिळालं, दादाला घरी बसवलं.

आता या बटणाबद्दल सांगायलाच हवं. डंप उघडून बघायला डीबगर नावाचा प्रोग्राम असतो. तो नीट वापरायचा तर दहा प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. सुपरफास्टला एवढा धीर कुठला? त्याचं जेवणसुद्धा उभ्या उभ्या व्हायचं. त्याने एक बटण बनवलं. डंप आत टाका, बटण दाबा, प्रोग्राम कुठल्या फंक्शनात मेला त्याचं नाव बाहेर. ऑफिसात सगळे त्याला पंचनाम्याचं बटण म्हणायचे. साहेबांना ते इतकं आवडलं, की आलेल्या पाहुण्यांना ते दाबून दाखवायचे. बटणाने नाव घेतलं की त्या माणसाला कोणी काही विचारायचं नाही, अशी रीतच पडली होती. काय विचारणार? यंत्र खोटं बोलतं का?

आणि ठिणगी आठवडाभर गप्प का होती? तर साहेबांनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "तू सख्खी बहीण. तू यात पडू नकोस, बरं दिसत नाही." आणि ही शहाणी पडली नाही! याचा राग तर तिला सगळ्यात जास्त आला होता.

सुपरफास्ट एका हाताने बूट घालत दुसऱ्या हाताने टाइप करत होता.

"डंप दे," ठिणगी म्हणाली.

"अगं, तो विषय संपला. बटणाने तर..."

"बटण घाल चुलीत. डंप दे म्हणते ना!"

त्याने मुकाट्याने दिला. तिने बटणाला हात न लावता डीबगर हाताने उघडला आणि डंप त्याच्यापुढे ठेवला. डीबगरने उघडताक्षणी तक्रार केली, की हा डंप ज्या प्रोसेसरचा आहे तो आणि मला सांगितलेला प्रोसेसर जुळत नाहीत, कप्प्यांची संख्याच वेगळी आहे, तरी पुढे जाऊ का?

ठिणगीने खुर्ची पुढे ओढली. "हे काय आहे रे?"

"ती सूचना होय? ती नेहमीच येते," सुपरफास्ट म्हणाला. "पेटीत नवा सर्किट बोर्ड आला तेव्हापासून यायला लागली. दर वेळी 'पुढे जाऊ का' विचारतो, वैताग नुसता. म्हणून मी बटणात सांगूनच टाकलंय, जुनाच प्रोसेसर धर आणि प्रश्न विचारू नकोस."

प्रोसेसरच्या पोटात रजिस्टर म्हणून इवले इवले कप्पे असतात. एका कप्प्यात चालू ओळीचा पत्ता, एकात मेमरीतल्या जागेचा, एकात पुढे कोणाला बोलवायचं त्याचा, असं. डंपमध्ये हे कप्पे नुसते एकामागून एक ओतलेले असतात, कोणावर नाव नसतं. कुठला कितवा, हे डीबगरला प्रोसेसरच्या जातीवरून ठरवावं लागतं. ती जात डंपच्या सुरुवातीलाच लिहिलेली असते आणि डीबगर ती इमानेइतबारे वाचतो. पण माणसाने दरडावून सांगितलं, की ते सोड, मी सांगतो ते धर, तर तो बिचारा माणसाचं ऐकतो.

"नव्या बोर्डाचा प्रोसेसर वेगळा आहे," ती म्हणाली. दातओठ खात म्हणाली. "दशांशाच्या हिशेबाचे जास्तीचे कप्पे आहेत त्यात. ते मध्ये घुसले की पुढचे सगळे सरकतात. जुन्या क्रमाने वाचलंस तर सगळं चुकीचं वाचशील!"

"पण आलेली नावं बरोबर दिसायची की."

"दिसायची! हा बघ मेमरीचा पत्ता, तुझ्या बटणाने काढलेला. विषम आकडा आहे. हा पत्ता या प्रोसेसरवर जन्मात कधी विषम असतो का? सांग ना, असतो?"

सुपरफास्टचा बूट हातातच राहिला. "नसतो," तो पुटपुटला.

"माझ्या भावाच्या तोंडचा घास गेलाय रे, आणि तुला एका प्रश्नाचा वैताग येतो? डीबगर ओरडून सांगत होता, आणि तू त्याच्या तोंडात बोळा कोंबलास!"

तिने डीबगरला डंपवर लिहिलेलीच जात धरायला सांगितली. कप्पे आपापल्या जागी बसले. विषम आकडा नाहीसा झाला, सगळं सुरळीत लागलं, आणि चालू ओळीच्या कप्प्यात भलतंच नाव आलं. ते वाचून सुपरफास्टने हातातला बूट खाली ठेवला.

दुपारी मीटिंगच्या खोलीत साहेब, डॉक्टरीणबाई आणि दादा बसले होते. दादाने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि दाढी करताना गालाला कापून घेतलं होतं. तो बोलायला उभा राहतच होता, तेवढ्यात दार ढकलून ठिणगी आत आली. मागे सुपरफास्ट, खाली मान घालून.

"तू बस," ती दादाला म्हणाली.

"हे काय चाललंय?" साहेब कडाडले. "तुला सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं. ऐकलं, हीच घोडचूक झाली."

तिने स्क्रीन लावला आणि डॉक्टरीणबाईंना समजेल अशा भाषेत सांगितलं. "बिल्डिंगखाली पत्रपेट्यांची रांग असते ना, बाई? समजा पेट्यांवर नावं नाहीत, पोस्टमन नुसता मोजून पत्रं टाकतो. मध्ये कोणी नव्या पेट्या ठोकल्या आणि पोस्टमनला सांगितलंच नाही, तर कोणाचं पत्र कोणाला जाईल? इथे तेच झालं. गुन्हेगाराच्या नावाची चिठ्ठी माझ्या भावाच्या पेटीत पडली."

"आणि खरी कोणाची?" बाईंनी विचारलं.

ठिणगीने बोट ठेवलं. कंपनीचं बोधचिन्ह पेटीच्या पडद्यावर गोल गोल फिरवणारं फंक्शन. चित्राला जेवढी जागा दिलेली, त्यापेक्षा चित्र मोठं. ते शेजारच्या मेमरीत सांडलं आणि सगळा प्रोग्राम घेऊन बुडालं. बोधचिन्ह फिरतं हवं हा हट्ट कोणाचा होता, हे खोलीत डॉक्टरीणबाई सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. साहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"पण यांनी तर काल मला फोनवर सांगितलं, की चूक सापडली म्हणून," बाई दादाकडे वळल्या.

दादा म्हणाला, "स्क्रीनवर माझं नाव होतं, बाई. नाव आहे म्हणजे चूक असणारच. रात्रंदिवस तेच पान वाचत होतो. सापडेना, सापडेना, मग शेवटी एका ओळीवर बोट ठेवलं. म्हटलं, हीच असेल."

"ती ओळ बरोबर आहे, दादा!" ठिणगीचे डोळे भरून आले, आणि त्याचाही तिला राग आला. "तुझं नाव का आलं माहितेय? पुढे कोणाला बोलवायचं, त्या कप्प्यात तू होतास. पेटी तापली होती आणि हीटर बंद करायला तुझंच फंक्शन बोलावलं जाणार होतं. तुझी पाळीच आली नाही रे. तू तिला वाचवायला दारात उभा होतास."

दादाने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्याचे खांदे हलायला लागले.

साहेबांनी चष्मा परत चढवला. "चला, छान झालं," ते म्हणाले. "गैरसमज होता, दूर झाला. बोधचिन्ह आजच काढून टाकू. दादा, तुम्ही उद्यापासून कामाला लागा. विषय संपला."

"त्या आईला कोण सांगणार? सकाळी मीच तिच्या दारात जाऊन सांगून आलोय, माझ्यामुळे झालं म्हणून." दादा म्हणाला. हात अजून तोंडावरच होते.

"आता कशाला?" साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. "पोर बरी आहे. तिला एक नाव मिळालंय, तिचं समाधान झालंय. उगाच दुसरं नाव देऊन कंपनीचा बोभाटा कशाला? तुमची नोकरी तर शाबूत आहे ना!"

याला काय म्हणावं? माणसाला निर्दोष ठरवायचं ते बंद दाराआड, आणि गुन्हेगार ठेवायचा तो नेमका त्या बाईपुढे, जिचं पोर भाजता भाजता राहिलं! ठिणगी टेबलावर हात आपटून उभी राहिली. जे तोंडात येईल ते बोलणार होती ती. पण डॉक्टरीणबाईंनी तिला हातानेच थांबवलं. त्यांनी पर्समधून फोन काढला, त्या आईचा नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन टेबलाच्या मधोमध ठेवला.

"मी हॉस्पिटलची डॉक्टर बोलतेय," त्या म्हणाल्या. "बाळाचे रिपोर्ट ठीक आहेत, घाबरू नका. इथे कंपनीचे साहेब बसलेत. त्यांना तुम्हाला काही सांगायचंय."

साहेबांनी बाईंकडे पाहिलं, मग दाराकडे. सुपरफास्ट दाराला पाठ लावून उभा होता, आणि जन्मात पहिल्यांदाच त्याला कुठे जायची घाई नव्हती.

"नमस्कार," साहेब म्हणाले. "ते... सकाळी तुमच्याकडे जे गृहस्थ आले होते ना, त्यांची चूक नव्हती. आमच्या तपासात गफलत झाली होती."

फोनमध्ये मागे बारीक रडणं ऐकू आलं, मग आईने पोरीला थोपटल्याचा आवाज. रडणं थांबलं.

"त्यांची नव्हती?" ती म्हणाली. "मी त्यांच्या तोंडावर दार लावलं हो." तिचा आवाज चढला. "मग कोणाची होती?"

साहेबांनी स्क्रीनकडे पाहिलं, पाण्याच्या ग्लासकडे पाहिलं. दादाने तोंडावरचे हात काढले आणि तो थेट त्यांच्याकडे बघू लागला.

"साहेब, कोणाची होती?" फोनमधून पुन्हा विचारणा झाली.

ठिणगीने फोन उचलला आणि अगदी साहेबांच्या तोंडाजवळ नेऊन धरला.