वाचकाचं नाव

"तुमचा पाय मोडलाय, जीभ नाही. फोनवरून बोला की त्यांच्याशी," कलमताई म्हणाल्या.

"सुनावणी फोनवर होत नसते," ग्रंथपाल संघाचे अध्यक्ष हॉस्पिटलच्या खाटेवरून म्हणाले. प्लास्टरमधला त्यांचा पाय दोरीला टांगलेला होता. "सरचिटणीस परदेशात, उपाध्यक्षांचा घसा बसलेला. उद्या अकरा वाजता तुम्हीच उभं राहायचं."

"मी टंकलेखिका आहे, साहेब."

"आपली आचारसंहिता कुणी टाईप केली?"

"एकदा नाही, नऊदा! दर वर्षी तुम्हाला एक स्वल्पविराम हलवायचा असतो."

"मग झालं तर. तुमच्याइतकी ती पाठ कुणाला आहे?"

देशभरातल्या ग्रंथपालांचा हा संघ म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, आणि त्यातल्या एकीत अठ्ठावीस वर्षं बसलेल्या कलमताई. कुणाच्या ग्रंथालयाचं छप्पर गळत असे, कुणाच्या कपाटांना वाळवी लागलेली असे, कुणाला नव्या पद्धतीचं प्रशिक्षण हवं असे. सगळी पत्रं आधी त्यांच्या हाती येत. कुणी काही विचारलं की त्या तोंडपाठ कलम सांगत, म्हणून हे नाव पडलेलं.

या वेळचं पत्र एका लहान गावच्या ग्रंथपालांचं होतं. गावातलं मुलांचं खेळाचं मैदान गोदामांसाठी द्यायचं नगरसभेत घाटत होतं. त्यावर एक निनावी हरकत आली. नियमांचे आकडे इतके अचूक, की लिहिणाऱ्यानं नगररचनेचं पुस्तक समोर ठेवलेलं असणार हे उघड होतं. ते पुस्तक गावात एकच, ग्रंथालयात. नगराध्यक्षांनी विचारलं, "कुणी नेलं होतं?" ग्रंथपाल म्हणाले, "सांगता येणार नाही." आठवड्याभरात त्यांच्या हाती अवज्ञेबद्दल बडतर्फीची नोटीस पडली.

घरी नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भांडायला चाललीस का?"

"बोलायला चाललेय."

"तुझ्या बाबतीत मला तरी फरक कळत नाही," असं म्हणत त्यानं त्यांची बॅग भरायला घेतली.

सकाळी बसस्टँडवर ग्रंथपाल न्यायला आले होते. पन्नाशीचे, सडसडीत, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. बोलले ते इतकं हळू, की कलमताईंना दोनदा "काय?" करावं लागलं.

"बावीस वर्षं लोकांना हळू बोला सांगतोय," ते ओशाळून म्हणाले. "आता माझाच आवाज निघत नाही."

"नाव सांगून टाकावं, असं एकदाही वाटलं नाही?"

"वाटलं ना. मुलगी कॉलेजात आहे. तीन रात्री झोप नव्हती." त्यांनी कलमताईंची बॅग हातात घेतली. "पण ज्यानं पुस्तक नेलं, त्याला मीच म्हटलं होतं, निवांत वाचा."

नगरसभेत सात जण लांब टेबलामागे बसले होते. मधोमध नगराध्यक्ष, भरदार, घाम पुसत. कलमताईंनी अध्यक्षांनी लिहून दिलेलं चार पानी भाषण उघडलं. पहिलं वाक्य संपायच्या आतच नगराध्यक्षांनी हात वर केला.

"बाई, तुम्ही ग्रंथपाल आहात का?"

"नाही. मी टंकलेखिका."

टेबलामागे हशा पिकला. कलमताईंचे कान तापले. त्यांनी भाषणाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवून दिली.

"हसून झालं असेल तर सांगते. कलम सात. कोणता वाचक काय वाचतो, हे ग्रंथपाल त्या वाचकाच्या परवानगीशिवाय कुणालाही सांगणार नाही."

"तुमच्या संघाचं कलम आम्ही का मानायचं?"

"तुम्ही मानूच नका. पण यांनी त्याखाली सही केलीय. सही पाळणारा माणूस तुम्हाला नोकरीत नको असेल, तर तसं नोटिशीत लिहा. अवज्ञा कशाला लिहिलंत?"

"अहो, एक नाव विचारलं फक्त!"

"आज तुम्ही विचारलंत. उद्या या खुर्चीत दुसरं कुणी बसेल आणि तुम्ही काय काय वाचलंत ते विचारेल. हे तेव्हाही सांगणार नाहीत. यांना आज काढलंत, तर मग सांगणारा माणूस येईल."

कोपऱ्यातल्या एका सदस्यानं पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. त्याच्या शेजारच्या म्हाताऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "माझ्या दवाखान्यात कोण कशासाठी येतं, ते मी या टेबलावर सांगितलं असतं तर यातले किती जण परत आले असते? माझं मत यांच्या बाजूनं."

नगराध्यक्षांनी ग्रंथपालांकडे पाहिलं. "तुम्हाला काही म्हणायचंय?"

ग्रंथपाल उभे राहिले. "ग्रंथालय चार वाजता उघडायचं असतं," ते म्हणाले. या वेळी मात्र सगळ्यांना ऐकू गेलं. "तेवढं लवकर ठरवा."

पाच विरुद्ध दोन मतांनी नोटीस मागे घेतली गेली. बाहेर आल्यावर कलमताईंनी ग्रंथपालांना समोरच्या दुकानात बळेच बसवून दोन कप कॉफी पाजली आणि दुकानातूनच हॉस्पिटलला फोन लावला. अध्यक्ष इतक्या जोरात "शाब्बास!" ओरडले, की मागून नर्स रागावलेली ऐकू आली.

"भाषण कसं वाटलं त्यांना?" अध्यक्षांनी विचारलं.

"फार आवडलं," कलमताई म्हणाल्या.

बस साडेपाचला होती. तोवर त्या ग्रंथालयात खिडकीजवळ बसल्या. पायरीवर थांबलेले सहा-सात वाचक आत आले. एका आजींनी ग्रंथपालांच्या हातात मोगऱ्याची चार फुलं दिली आणि वर्तमानपत्राकडे गेल्या.

पाचच्या सुमारास दार पुन्हा वाजलं. नगराध्यक्ष आत आले, एकटेच. सगळी डोकी वर झाली. ते टेबलाशी वाकून काहीतरी पुटपुटले. ग्रंथपालांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. ते शेवटच्या कपाटापाशी गेले आणि एक जाडसर पुस्तक घेऊन आले.

कलमताईंची मान आपोआप लांब झाली. पुस्तकाचं नाव दिसायला वीतभरच कमी होतं. मग त्यांनी खुर्ची उचलून फिरवली आणि तोंड खिडकीकडे केलं.

मागे शिक्का उमटल्याचा आवाज आला.

"पंधरा दिवसांनी परत आणा," ग्रंथपाल म्हणाले. "आणि निवांत वाचा."