दुसरा चमचा

सुताराने पहिला घास तोंडात घातला आणि मुकाट्याने पाण्याचा पेला ओढला. आजही भाजी खारट. जीभ आक्रसून जावी इतकी.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"कुठं काय? ठसका लागला."

ठसका अगदीच खोटा नव्हता. सिगारेट सोडून महिना होत आला होता आणि खोकला उलट वाढला होता. नर्स असलेली लेक म्हणाली होती, "बाबा, बंद खोली झाडायला घेतली की आधी धूळच उडते ना? तुमची छाती झाडलोट करतेय. उडू द्या." त्याला ते अर्धंच पटलं होतं. सोडल्यावर बरं वाटायला हवं. इथे सगळं उफराटंच. कारखान्यात ताज्या भुशाचा वास नाकात घुसायचा, सरसाच्या डब्याने मळमळायचं. एका कानामागे पेन्सिल, दुसऱ्यामागे सिगारेट ही त्याची जुनी सवय. हात अजून त्या रिकाम्या कानाकडे जायचा.

पण खरी धास्ती वेगळीच होती. बायकोच्या थोरल्या बहिणीचं असंच सुरू झालं होतं. आधी भाजीत दोनदा मीठ, मग शेगडी चालूच, आणि शेवटी पोटच्या मुलाला "तुम्ही कोण?" बायकोला विचारावं, तर ती काय सांगेल याचंच भय. म्हणून तो निमूटपणे गिळत राहिला.

रविवारी खण दुरुस्त करायच्या निमित्ताने तो स्वयंपाकघरात ठाण मांडून बसला. बायकोने भाजीत चमचाभर मीठ घातलं, ढवळलं, चाखलं. त्याला हायसं वाटलं. मग तिने छोट्या पातेल्यात थोडी भाजी काढली आणि कढईत दुसरा चमचा रिकामा केला.

त्याचा स्क्रू ड्रायव्हर थबकला.

"अगं, मीठ घातलंस ना मघाशी?"

"ते माझ्यापुरतं. हे तुमचं."

"म्हणजे?"

"नवीन लग्न झालं तेव्हा रोज 'अळणी, अळणी' म्हणून ताट सरकवायचात. किती भांडायचं? तेव्हापासून माझं आधी काढून ठेवते."

"आणि कधी बोलली नाहीस?"

"त्यात बोलायचं काय? तुमची जीभच जाड."

तो उठला. छोट्या पातेल्यातली भाजी त्याने उभ्या उभ्याच चाखली. आधी किंचित आंबट लागली, मग मागून हळूच गोडसर. त्याने दुसरा घास घेतला. तिसराही.

"अहो, अळणी लागेल ती!"

तो खातच राहिला. तिने गोंधळून कढईतली भाजी जिभेवर ठेवली आणि त्याचाच पेला ओढून घटाघटा पाणी प्यायली.

"अगं बाई! सिगारेट सुटल्यापासून हे असं खाताय तुम्ही, महिनाभर? तोंड शिवलं होतं का?"

सुताराने पातेलं खाली ठेवलं.

"तुझ्या बहिणीच्या मुलाचं नाव काय गं?"

तिने ते पटकन सांगितलं. मग सुनेचं, नातवाचंही. "का हो? आज एकदम त्याची आठवण?"

"काही नाही," तो पुन्हा खणाकडे वळत म्हणाला. "ठसका लागला."