भंडाऱ्यानंतरचं वाक्य

कळसजवळच्या कोळेकरवस्तीवर दसऱ्याला बिरोबाची हुईक, म्हणजे भाकणूक, होते. सोनबा पुजाऱ्याच्या अंगात देव येतो आणि येत्या वर्षाचं सांगतो: पाऊस, पीक, मेंढरं, रोगराई. सांगून झालं की भंडारा उधळतात, ‘चांगभलं’चा गजर होतो आणि देव जातो. हुईक वहीत लिहायचं काम तात्याबा कोळेकर यांच्याकडे होतं. दिवाळीच्या अमावस्येला सकाळी ती देवळात वाचायची आणि वर्षभर वस्तीनं त्याप्रमाणे चालायचं, अशी रीत होती.

१९९६च्या दसऱ्याला सोनबा शेवटी म्हणाला, “वस्तीवर दोन गडी नवराबायकोगत ऱ्हात्यात. त्यास्नी भाईर काढा, न्हायतर एक मेंढरू वाचायचं न्हाय.”

नाव घ्यायची गरज नव्हती. नागेश हा तात्याबांचाच मुलगा, वय चौतीस, सणसरला त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. संभाजी कन्हेरीचा, साखर कारखान्यात फिटर. नागेशच्या वाटणीच्या रानात दोन खोल्या होत्या, तिथं दोघं चार वर्षं राहत होते. लोक संभाजीला ‘नागेशचा पार्टनर’ म्हणत. दुकानातला, असं समजून घेणं सगळ्यांनाच सोयीचं होतं. सोनबानं मात्र आपल्या पुतणीसाठी नागेशला दोनदा विचारलं होतं आणि दोनदा नकार घेतला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी आठजणांनी खोल्यांवर दगड टाकले. कौलं फुटली. जाताना एकजण ओरडला, “अमुशाला वहीत वाचलं की मग देवाचाच हुकूम. त्याच्या आधी निघा.”

ते वाक्य वहीत जाणार की नाही, एवढाच आता प्रश्न होता. आणि वही होती बापाच्या हातात.

तात्याबांना तीन वर्षांपासून भरभर लिहिता येत नव्हतं. नागेश हुईक टेप करायचा, कॅसेट बापाच्या दारात नेऊन द्यायचा. तात्याबा दिवसचे दिवस ऐकून सावकाश लिहायचे. बापलेकात उरलेला व्यवहार तेवढाच होता. यंदाची कॅसेट अजून नागेशकडेच होती.

“पुसून टाक की तेवढं,” संभाजी म्हणाला. “दोन बटनं दाबायची. सेल उतरलं म्हणायचं.”

“रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचंच सेल उतरलं? सगळ्या वस्तीनं ऐकलंय, संभाजी. पुसलं तर खोटा मी पडतो.”

“मग दे नेऊन. बापाच्या हातानं आपलं सामान बांधून घे.”

नागेश कॅसेट घेऊन बारामतीला गेला. दिपाली जाचक तिथल्या कोर्टात नऊ वर्षं वकिली करत होत्या. त्यांनी दार लावून घेतलं आणि टेप ऐकली.

“द्वेष पसरवण्याचं कलम आहे,” त्या म्हणाल्या. “त्यात धर्म येतो, जात येते, भाषा येते. तुमच्यासारखी माणसं येत नाहीत. उलट तुमच्यासाठी वेगळं कलम आहे, तीनशे सत्त्याहत्तर. फिर्याद द्यायला जाल आणि आरोपी होऊन बसाल. एकत्र राहणं हा गुन्हा नाही. त्यापुढं एक शब्द बोलायचा नाही.”

“आणि सोनबा पुजारी?”

“ते म्हणणार, मी नाही बोललो, देव बोलला. धर्म पाळायचा हक्क त्यांनाही आहे, आणि तो असावाच. भाकीत केलं म्हणून मी कुणाला कोर्टात ओढणार नाही. दगड मारायला चिथावलं, हे वेगळं. पण तेव्हा बोलत कोण होतं?” त्यांनी टेप मागं घेतली. “हे मधेच पाणी कोण मागतंय?”

नागेशनं खाली मान घातली. “तेच. भंडारा झाल्यावर त्यांनी पाणी मागितलं. मग बोलले. भंडाऱ्यानंतर देव नसतो.”

“मग हे वस्तीवर का सांगत नाही?”

“मी सांगून कोण ऐकंल, मॅडम? ते सांगायचा मान वहीवाल्याचा.”

तिथून तो पोलीस ठाण्यात गेला. फौजदारानं शांतपणे ऐकून घेतलं. “आठजण दगड घेऊन आले, त्याचं लिहून घेतो. पुजाऱ्याचं नाव नको. देवाला कुठलं कलम लावू? उद्या धार्मिक भावना दुखावल्या म्हणून अख्खी वस्ती माझ्या दारात.”

“पुजाऱ्यासकट लिवणार असाल तर येतो,” नागेश म्हणाला आणि सही न करता परतला. त्याच संध्याकाळी त्यानं कॅसेट बापाच्या हातात दिली. पाण्याचं काही बोलला नाही.

अमावस्येला देवळात दीडएकशे माणूस होतं. नागेश ढोलाशेजारी उभा राहिला. संभाजी आला नव्हता. तो घरी फुटलेल्या कौलांवर ताडपत्री बांधत होता.

तात्याबांनी जाड चष्मा लावून हुईक वाचली. मृगात पाऊस दडी मारील. लाल मेंढराला रोग. कपाशीला बोंडं कमी. मग त्यांनी वही मिटली.

“तात्याबा, शेवटचं ऱ्हायलं,” सोनबा म्हणाला.

“कपाशीचं शेवटचं. वाचलं की.”

“त्याच्या म्होरलं.”

“म्होरं भंडारा उधळला.”

“त्याच्याबी म्होरलं! समद्यांनी ऐकलंय. देव बोलला.”

“सोनबा, तीस वर्सं लिवतोय. तुझ्या बापाचीबी हुईक म्या लिवली. भंडारा झाला की वही मिटायची, ही त्याचीच शिकवण.” तात्याबांनी चष्मा काढला. “आन तू म्होरलं बोलायच्या आधी पाणी मागितलंस. तांब्याभर प्यालास. टेपात घटाघटा ऐकू येतंय. देवाला कवा तहान लागली रं?”

मागून कुणीतरी म्हणालं, “देव गुळपाणी पितोय,” आणि बायकांच्या बाजूला हसू फुटलं. सोनबा उठला. “पोरासाठी देवाला खोटं पाडतोय ह्यो!”

“पोराचं म्या तोंड बघत न्हाय, ते तुला ठावं हाय,” तात्याबा म्हणाले. “वहीत तुझं बोलणं यायचं न्हाय. लई वाटत असंल तर सोताची वही कर.”

लोक पांगल्यावर त्यांनी नागेशला कॅसेट परत दिली. “हे तुझ्यासाठी न्हाय केलं. आन त्यानं माझ्या दारात यायचं न्हाय.”

“बरं, आबा,” नागेश म्हणाला.

दुसऱ्या दिवशी नागेश पुन्हा ठाण्यात गेला. तात्याबांनी देवळात काय सांगितलं, ते फौजदाराला आधीच कळलं होतं. “माणूस बोलला असेल तर चिथावणी बसते,” तो म्हणाला आणि हवालदाराला जबाब घ्यायला बसवलं. जबाबाची सुरुवात ठरलेली असते: नाव, वय, धंदा, आणि घरी कोण कोण राहण्यास आहे.

“बायको, मुलं?”

“न्हाय. मी आणि संभाजी.”

“नातं काय लिहू?”

नागेशला वकीलबाईंचं ‘त्यापुढं एक शब्द बोलायचा नाही’ आठवलं. हवालदारानं फौजदाराकडं पाहिलं. फौजदार म्हणाला, “लिही, एकत्र राहण्यास आहेत. नातं कुणी विचारलेलं नाही.”

सोनबानं आपल्या जबाबात, अंगात देव होता, काहीच आठवत नाही, असं सांगितलं. खटला तारखांवर पडला. आठातले पाचजण महिन्याभरात नागेशकडं येऊन चुकलं म्हणाले. तिघं आले नाहीत. त्यातला एक आजही वाट सोडून जातो. संभाजी तात्याबांच्या दारात कधी गेला नाही.

कौलं बदलून झाली. दोघं तिथंच राहिले.

पुढच्या दसऱ्याला नागेशनं नेहमीप्रमाणे टेप लावली. भंडारा उधळला गेला. तरी त्यानं बटन दाबलं नाही, आणि तो सोनबाकडं बघत उभा राहिला. सोनबानं पाणी मागितलं, तांब्या रिकामा केला आणि तोंड पुसलं. त्या कॅसेटवर त्यानंतर नुसता ढोल आहे.