चालू झायं का

जिन्याखालच्या कोनाड्यात गुडघे टेकून कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या पुनमनं सर्व्हरचं झाकण उघडलं आणि ब्रशनं मूठभर धूळ बाहेर काढली.

"काका, हे मशीन आता फार टिकायचं नाही. नवं तरी घ्या, नाहीतर सगळं क्लाउडवर टाकू. हिशेब, माल, बिलं सगळं कंपनीच्या मशीनवर राहील. दोन्ही दुकानं आपापली उघडतील, कुणाचं कुणावाचून अडायचं नाही."

झुलालभाऊ खुर्चीत सावरून बसले. अडायचं नाही, हीच तर त्यांची अडचण होती.

जळगावात नव्या पेठेत त्यांचं बियाण्यांचं आणि ठिबकच्या नळ्यांचं दुकान. धुळ्याला पारोळा रोडवर धाकट्या प्रेमराजचं. सर्व्हर दोघांत एकच, तो इथं. मशीन रात्रभर चालू ठेवलं तर घरी डोळा लागत नाही, म्हणून झुलालभाऊ दुकानाबरोबर तेही बंद करत. सकाळी त्यांनी बटण दाबल्याशिवाय धुळ्यात एक बिल निघत नसे. मग प्रेमराजचा फोन यायचा, "भाऊ, चालू झायं का?" हे म्हणायचे, "करस आते." संपलं बोलणं. वडिलांना, आबांना, शेवटच्या आजारपणात नाशिकला हलवायचं की जळगावातच ठेवायचं, यावरून भावाभावांत वाजलं होतं. आबा गेले, वाद तेवढा मागं राहिला. सणावारालाही एकमेकांकडे जाणं नाही. रोजचा तो फोन मात्र टिकून होता आणि झुलालभाऊंचा सगळा जीव त्यात अडकला होता. हे या पोरीला सांगणार कसं?

"धुळ्याला विचार," ते शेवटी म्हणाले. "तो एका पायावर तयार होईल."

"होतीलच. तुम्ही उशिरा चालू करता म्हणून सारखी तक्रार असते त्यांची."

पुनमनं स्पीकरवर फोन लावून प्रेमराजला सगळं समजावून सांगितलं. त्यानं आधी वेगळंच विचारलं.

"भाऊ आहेत का तिथं?"

"आहेत. ऐकतायत."

"मग असं करा. क्लाउड नको. आमच्याकडे नेटचा भरवसा नाही. मशीन तिथंच राहू द्या, नव्यात निम्मे पैसे माझे."

फोन ठेवून पुनम बुचकळ्यात पडली.

"काका, याला काही अर्थ नाही. नेट गेलं की त्यांचं आताही बंदच पडतं. इथल्या मशीनपर्यंत ते नेटवरूनच येतात. मीच शिकवलंय त्यांना हे."

"माहीत शे त्याले," झुलालभाऊ म्हणाले आणि ती नको म्हणत असताना तिच्या कपात आणखी चहा ओतला. "नवं मशीन आण. बॅकअप तेवढा ठेव तुझ्या क्लाउडवर."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान उघडलं, आबांच्या फोटोला उदबत्ती ओवाळली आणि कोनाड्याशी स्टूल ओढून बसले. बटण हाताशी होतं. त्यांनी ते दाबलं नाही, फोन येईपर्यंत रोजही दाबत नसत. फोन वाजला.

"भाऊ, चालू झायं का?"

"करस आते." मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तुनं नेट आज कसं शे?"

पलीकडे प्रेमराजनं घसा खाकरला.

"बरं शे."

बोलण्यासारखं आणखी काही नव्हतं. फोन मात्र दोघांपैकी कुणीच ठेवला नाही.