ओठ मिटलेले, दात सुटे

"काय गं, आज किती पोती दळलीस?"

सकाळचा चहा पुढे करताना नवऱ्याचा हा प्रश्न ठरलेला. झोपेत ती इतके करकरा दात खायची, की त्याने तिचं नावच 'गिरणी' ठेवलं होतं. तीही ते हसण्यावारी न्यायची. पण उठल्या उठल्या कानशिलं ठणकायची, जबडा दगडासारखा जड असायचा. परवा तर टोस्ट चावताना दाढेचा टवकाच उडाला.

"पोटात जंत झालेत, दुसरं काय!" सासूबाईंनी निदान केलं. त्यांच्या समाधानासाठी तिने गोळी घेतली. जंत असते तर गेले असते. दात खाणं काही गेलं नाही.

स्वतःच्या दुखण्याकडे तिने अजूनही काणाडोळा केला असता. गोष्ट अडली ती लेकीपाशी. संध्याकाळी चार वर्षांच्या त्या चिमणीला सिंहाची गोष्ट लागायची आणि गोष्टीत डरकाळी हवीच! पण तोंड मोठं उघडलं की कानाजवळ 'कट्' व्हायचं आणि डोळ्यांत पाणी यायचं. म्हणून तिने सिंहाचा घसा बसवून टाकला होता.

"आई, तुझा सिंह कधी बरा होणार गं?" लेक विचारायची. ती काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची.

मग एका सुट्टीच्या दिवशी तिने पाहिलं, लेक आरशासमोर उभी आहे. दातांवर दात घट्ट, ओठ ताणलेले, गालावरची शीर टरारलेली.

"हे काय चाललंय, चिमणे?"

"ऑफिस-ऑफिस! मी तुझ्यासारखं हसतेय."

ते हसू तिने लगेच ओळखलं. लेक एकदा तिच्याबरोबर ऑफिसला आली होती. घरपोच सामान पाठवणाऱ्या कंपनीत ती फोनवर तक्रारी ऐकून घ्यायची. तिथे प्रत्येकीच्या टेबलावर हाताएवढा आरसा होता. साहेबांचा नियमच होता, बोलताना आरशात बघायचं, चेहऱ्यावर हसू हवं, म्हणजे ते आवाजात उतरतं. समोरचा आईबहिणीचा उद्धार करत असला तरी हसायचं! एक फोन ठेवते न ठेवते तोच दुसरा कानात. पोरीने नेमकं तेच हसू उचललं होतं.

दुसऱ्याच दिवशी ती दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी दाढ तपासली, मग तिची बोटं तिच्याच गालांवर ठेवली.

"दात दाबा. काय फुगलं? चावायचा स्नायू आहे तो. आता सांगा, मघाशी बाहेर बसला होतात तेव्हा दात एकमेकांना टेकले होते की सुटे होते?"

तिने आठवून पाहिलं. "टेकलेले असावेत."

"आणि बाहेर जेवण तर वाढलं नव्हतं!" बाई हसल्या. "अहो, दात टेकायचे ते घास चावताना, गिळताना. एरवी ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ सैल. तुमचा जबडा दिवसभर राबतो आणि झोपेतही सुट्टी घेत नाही."

"जंत नाहीत ना?"

"जंतांना कशाला बदनाम करता! ताण असतो, अपुरी झोप असते, संध्याकाळनंतरची चहा-कॉफी असते. कधी घोरणं, कधी एखादं औषध. एकच एक कारण नसतं. दाढ मी भरून देते. झोपताना लावायला दातांवर बसणारं कवच बनवू. ते दात वाचवेल, पण सवय मोडणार नाही. ती तुम्हालाच मोडायची आहे."

तिच्या मनातला खरा प्रश्न आता बाहेर आला. "माझ्या मुलीलाही हे लागेल का हो?"

"पुष्कळ मुलं झोपेत दात खातात आणि बहुतेकांचं आपोआप थांबतं. दुखत असेल तर घेऊन या. पण ती आरशात करते ती तुमची नक्कल आहे. नक्कल सुधारायची, तर आधी अस्सल सुधारा!"

"पण लोक नाही नाही ते बोलतात. हसायचं नाही तर काय, भांडायचं?"

"भांडू नका. पण जे सोसवत नाही ते सांगा तरी. सोसणाऱ्या बाईला आपण लगेच 'किती शांत आहे' म्हणतो. शांत? तिच्या दाढांना विचारा!"

घरी येताच तिने लेकीला सगळं सांगितलं, तर आठवण राहावी म्हणून लेकीने तिला बेडकाचं हिरवं स्टिकर दिलं. सकाळी तिने ते ऑफिसच्या आरशावर चिकटवलं. बेडूक दिसला, की दात सुटे करायचे, खांदे खाली सोडायचे. शेजारच्या खुर्चीवरची हसायला लागली, तर हिने तिची बोटं तिच्याच गालांवर ठेवली. "दाब बघू दात."

"अगं बाई! आणि रोज डोकं दुखतं म्हणून मी चष्मा बदलला!"

बघता बघता सगळ्या जणी गाल चाचपायला लागल्या. तेवढ्यात साहेब आले.

"इथे काय गालगुच्चे चाललेत?"

सगळ्यांचे हात झटकन गालांवरून खाली आले. तिचे दात घट्ट मिटले. मग बेडूक दिसला. तिने जबडा सैल सोडला आणि उभी राहिली.

"साहेब, आमचं हसू खोटं आहे. त्यामागे दात आवळलेले असतात. माझी दाढ फुटली, हिचं डोकं दुखतं. आम्ही गोडच बोलू, पण शिवीगाळ झाली तर फोन ठेवायची परवानगी हवी. आणि तशा फोननंतर दोन मिनिटं श्वास घ्यायला हवीत."

"असं कुठे असतं का?"

"साहेब, एक विचारू? आत्ता तुमचे दात टेकलेत की सुटे?"

साहेबांचा हात नकळत गालाकडे गेला. बोटाखाली सुपारीएवढा गोळा! क्षणभर ते गोंधळले, मग पुटपुटले, "टेकलेत खरे."

अख्खी खोली खदखदून हसली, आणि त्या हसण्यासाठी कुणालाही आरसा लागला नाही! "महिनाभर करून बघू," साहेब म्हणाले. महिना झाला, तक्रारी वाढल्या नाहीत, सवलत कायम झाली. साहेबांच्या टेबलावरही बेडूक बसला.

दात खाणं काही एका झटक्यात गेलं नाही. कवच सुरुवातीला घोड्याच्या लगामासारखं वाटायचं. संध्याकाळची कॉफी सोडताना जिवावर आलं. पण एका सकाळी नवरा चहा घेऊन आला आणि कान देऊन म्हणाला, "गिरणी संपावर गेली की काय?" तिने जांभई दिली, चांगली ऐसपैस. 'कट्' झालं नाही!

त्या संध्याकाळी सिंह गुहेतून बाहेर आला. तिने तोंड उघडलं आणि अशी डरकाळी फोडली, की सासूबाई हातातला पंचा टाकून धावत आल्या. लेक टाळ्या पिटत ओरडली, "आईचा सिंह बरा झाला!" आणि तिनेही डरकाळी फोडली, छोटीशी, पण तोंड पुरतं उघडून.

वाचक हो, हे वाचताना तुमचे दात टेकलेत का? सोडा ते! आपण दात आवळून सोसलं, तर मुलंही तेच शिकतील. दुखणं लपवू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि जे बोलायला हवं ते वेळीच बोला, म्हणजे ते दाढांना चघळत बसावं लागणार नाही.