दोन लाख ओळींतली एक ओळ

मित्रांनो, मी एक जुनी आज्ञा आहे. राजाची नव्हे, संगणकाची. माझे नाव 'सेड'. पन्नासेक वर्षांपूर्वी परदेशातल्या एका प्रयोगशाळेत माझा जन्म झाला. मला ना चित्र, ना बटण. काळ्या पडद्यावर माझे नाव टाइप करायचे आणि कोणत्या ओळी हव्यात ते सांगायचे. लाखो ओळी माझ्यापुढून जातात आणि मी तेवढ्याच वेचून देते. मी हुशार नाही, पण सांगकामी मात्र पक्की आहे.

नाशिकमधल्या एका छोट्या लोकगीत संग्रहात मी नांदले ती सोमा सरांमुळे. सर कळवणकडच्या गावांत हिंडून बायकांकडून गाणी उतरवून घेत आणि इथे येऊन टाइप करत. एकाच फाईलमध्ये दोन लाख ओळी झाल्या. रोज सकाळी ते मला कामाला लावत. "शाब्बास गं!" असे ते पडद्याकडे बघून म्हणत, तेव्हा मला फार बरे वाटे. मग सर गेले. रंगीत खिडक्यांचे नवे प्रोग्रॅम आले आणि मला कुणी विचारीनासे झाले. संगणकावर चिकटवलेला सरांच्या अक्षरातला एक पिवळा कागद तेवढा राहिला. त्यावर मला कसे वापरायचे ते लिहिले होते.

गेल्या वैशाखात अभोण्याहून मैनाबाई आल्या. दोनच दिवसांनी त्यांच्या लेकीची हळद होती. त्यांची आई, बायडाबाई, हळदीला एक गाणे म्हणत असे. सरांनी ते उतरवून नेले होते.

"चाल येती मला, शब्द नाय येत," त्या म्हणाल्या. "माझ्या हळदीला आईनं म्हटलं व्हतं. आता लेकीला मी काय म्हनू?"

संग्रह सांभाळणाऱ्या योगिनीने फाईल उघडायला घेतली. नवा प्रोग्रॅम गोल गोल फिरत बसला. शेवटी तिची नजर पिवळ्या कागदावर गेली. किती वर्षांनी माझे नाव टाइप झाले! पण घाईत ती 'एन' हे अक्षर विसरली. ते नसले की मी निवडलेल्याच नाही, सगळ्याच ओळी ओतते. माझी ही जुनी खोड आहे. दोन लाख ओळी पडद्यावरून धो धो वाहिल्या.

"अगं बाई, थांब की!" योगिनी ओरडली. कागदावर 'एन विसरू नये' असे सरांनी लाल शाईने लिहिले होते. तिने ते घातले आणि विचारले, बायडाबाई.

मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत गेले. ते नाव कुठेच नव्हते. अशा वेळी मला 'सापडले नाही' एवढेही म्हणता येत नाही. मी नुसती गप्प बसते.

"आईचं कायच नाय का?" मैनाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मला स्वतःची फार लाज वाटली.

"मावशी, गावात त्यांना काय म्हणायचे?" योगिनीने विचारले.

"बायडा कोन म्हननार? माझा भाऊ पुंजा, थोरला. समदं गाव तिला पुंजाची आईच म्हनायचं. तीबी तसंच सांगायची."

आणि सर जसे ऐकत तसे लिहीत. योगिनीने 'पुंजाची आई, अभोणा' असे विचारताच मी ती ओळ काढून दिली. पण एकच, मथळ्याची. गाणे खालच्या ओळींत होते आणि त्यांत तिचे नाव नव्हते. योगिनीने पुन्हा कागद वाचला आणि मला नीट हुकूम केला, या ओळीपासून पुढच्या रिकाम्या ओळीपर्यंत सगळे दे.

मी दिले. योगिनी वाचू लागली.

"हळदीच्या पाटावरी लेक माझी गं बसली,
विहिरीच्या पाण्यामंदी तिची सावली हसली..."

दुसऱ्या ओळीला मैनाबाईंची चाल आपोआप येऊन मिळाली. त्या रडत होत्या आणि गातही होत्या. गाणे संपल्यावर त्या म्हणाल्या, "पोरी, वर आईचं नाव टाकता येतं का गं?"

मला तेही येते. योगिनीने सांगितले आणि दोन लाख ओळींतली ती एकच ओळ मी धरली. आता तिथे आधी बायडाबाई आहे, मग पुंजाची आई.

मित्रांनो, आम्हा जुन्यांना अधूनमधून कामाला लावत जा, एवढेच मागते. आणि कुणाचे काही लिहून ठेवाल तेव्हा त्या माणसाचे नावही विचारून लिहा. जे लिहिलेलेच नाही, ते मी कुठून वेचू?

त्या फाईलमध्ये अजून कितीतरी जणी कुणाच्या ना कुणाच्या आई म्हणूनच आहेत. त्यांची नावे विचारली, तर मी गप्पच बसेन. पण बायडाबाईंना हाक मारून बघा. आता मी ओ देते.