दोनच बोटं

रविवारच्या उपासनेत आभाराच्या चिठ्ठ्या वाचायची त्या चर्चची जुनी रीत. लोक पेटीत टाकणार, पाळक वाचणार, सगळे ‘आमेन’ म्हणणार. कुणाचा ताप उतरला, कुणाची पोरगी पास झाली.

त्या दिवशी पाळकांनी चौथी चिठ्ठी उघडली. “आमच्या सुताराची प्रभूने दोनच बोटं जाऊ दिली, बाकी हात राखला, म्हणून आभार.”

“आमेन!” अख्खं चर्च म्हणालं. सवयच ती.

सुताराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पहिल्या बाकावर कारखान्याचा मालक डोळे मिटून, हात जोडून बसला होता.

“तुम्ही टाकलीत?” बायको कुजबुजली.

“या बँडेजने? त्याने टाकली.”

“कमाल आहे! करवतीचं कव्हर काढायला यानेच लावलं ना?”

“काम भरभर उरकतं म्हणून.”

“आणि आता बिल देवाच्या नावावर!”

तिच्या पलीकडे तिचा भाऊ बसलेला. उद्यापासून त्याच करवतीवर तो उभा राहणार होता, आणि कव्हर अजून कोपऱ्यातच पडलं होतं. सुताराने मेहुण्याचे हात पाहिले. दहाही बोटं शाबूत.

तो ताडकन उठला. “माझे आभार मीच मानतो.”

“अरे बस,” मालक वळला. “मानले ना तुझ्या वतीने.”

“बोटं तुमच्या वतीने गेली, मालक. आभार तरी माझे मला मानू द्या.”

त्याने डोळे मिटले. “देवा, झाडूवाल्या मावशीने धावत येऊन बटण बंद केलं, तिच्यासाठी आभार. आज बायकोने शर्टाची बटणं लावून दिली, तिच्यासाठी आभार. पण बोटांचं तुझ्या माथी मारू देणार नाही. कव्हर काढ म्हणणारा तू नव्हतास.”



“आमेन!” मागच्या बाकावरून मावशी ओरडली. “मी तेव्हाच बोंबलत होते!”

“ही काय जागा आहे का असलं बोलायची?” मालक लालबुंद झाला.

“चिठ्ठी टाकताना होती ना?” बायको म्हणाली.

मेहुणाही उठला. “कव्हर बसल्याशिवाय उद्या मी बटण दाबणार नाही.”

पाळकांनी खाली येऊन ती चिठ्ठी मालकाच्या हातात दिली. “ही परत घ्या. आणि कव्हराचं काय ते सांगा.”

“लावतो,” मालक पुटपुटला.

“मोठ्याने!” मावशी म्हणाली. “मघाशी आमेन म्हणालात तसं.”